एका डबल क्लिकमध्ये अख्खं फोल्डर: विंडोजच्या बॅच फाइलचं परीक्षण

विंडोजमध्ये पंधरापेक्षा जास्त फाइल एकदम निवडून राइट क्लिक केलं की मेन्यूतून ‘ओपन’ नाहीसं होतं, ‘प्रिंट’ही जातं. पुष्कळ जण याला बिघाड समजून मशीन रिस्टार्ट करतात. पण ही विंडोजने मुद्दाम घातलेली मर्यादा आहे, चुकून शेकडो फाइल उघडून मशीन अडकू नये म्हणून. अडचण अशी की कोल्हापुरातल्या निम्म्या ऑफिसांचं काम नेमकं पंधराच्या पुढचं असतं. राजारामपुरीतल्या डीटीपीवाल्याला लग्नसराईत दिवसभराची सगळी प्रूफं एकापाठोपाठ नजरेखालून घालायची असतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत ऑर्डर आली की त्या पार्टची सगळी ड्रॉइंग एकत्र लागतात. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानात महिनाअखेरीला शेतकऱ्यांच्या पट्ट्या तपासायच्या असतात. या कामासाठी विंडोजमध्येच फुकट असलेलं हत्यार म्हणजे बॅच फाइल, म्हणजे एकापाठोपाठ चालणाऱ्या कमांड लिहिलेली साधी मजकुराची फाइल. ते कितपत भरवशाचं आहे, याचं हे परीक्षण.

निकाल आधीच सांगतो. एक फोल्डर, एका प्रकारच्या फाइल आणि सगळ्या उघडायच्या, एवढंच काम असेल तर बॅच फाइलला तोड नाही. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, ॲडमिन पासवर्ड लागत नाही, आणि काउंटरवर असलेल्या कुणालाही डबल क्लिक करता येतं. क्रम लावणं, पोटफोल्डर, प्रिंटिंग अशी कामं आली की मात्र तिच्या खोडी समजून घ्याव्या लागतात. त्या खोडी बऱ्याच आहेत, आणि त्यातल्या काही त्रास देतात तेही आवाज न करता.

पुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. चिन्हं आणि मोकळ्या जागा दाखवल्या आहेत तशाच ठेवायच्या.

नोटपॅड उघडून एवढं लिहा:

@एको ऑफ
फॉर %%जी इन ("%~डीपी०*.पीडीएफ") डू (
स्टार्ट "" "%%~जी"
टाइमआउट /टी २ /नोब्रेक >नल
)

सेव्ह करताना ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि नावाच्या शेवटी डॉट बॅट लावा. हे विसरलं की फाइल डॉट बॅट डॉट टीएक्सटी नावाने सेव्ह होते. विंडोज एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचा डॉट बॅटसारखा भाग) लपवत असल्यामुळे ती दिसते बरोबर, पण डबल क्लिक केल्यावर पुन्हा नोटपॅडच उघडतं. एक्सप्लोररमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करून ठेवली की हा गोंधळ उरत नाही. नाव ‘सगळे-उघडा’ छापाचं काहीही चालेल, फक्त ‘टाइमआउट’ किंवा ‘पिंग’ ठेवू नका. सीएमडी, म्हणजे बॅच फाइल चालवणारा काळ्या विंडोचा प्रोग्राम, स्वतःबाहेरची कमांड शोधताना आधी चालू फोल्डरमध्ये बघतं. आतली टाइमआउट ही ओळ मग खऱ्या कमांडऐवजी तुमचीच फाइल पुन्हा चालवते आणि तेच चक्र फिरत राहतं.

आता ही फाइल ज्या फोल्डरमध्ये ठेवाल, त्यातल्या सगळ्या पीडीएफ दोन-दोन सेकंदांच्या अंतराने उघडतील.

या चार-पाच ओळींतलं प्रत्येक चिन्ह कामाचं आहे, आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. सगळ्यात जास्त तक्रार येते ती स्टार्टच्या पुढच्या रिकाम्या अवतरणचिन्हांमुळे. स्टार्ट ही कमांड अवतरणचिन्हांत आलेली पहिली गोष्ट विंडोचं शीर्षक समजते. नावात मोकळी जागा असते म्हणून लोक फाइलचं नाव अवतरणात टाकतात आणि रिकामी जोडी गाळतात. मग फाइल उघडतच नाही. तिचं नाव डोक्यावर मिरवणाऱ्या काळ्या विंडो तेवढ्या उघडत जातात. पडद्यावर असं दिसलं की दुसरं काही तपासायची गरज नाही, रिकामी जोडी राहिली आहे.

टक्क्याचं चिन्ह दोनदा येतं, कारण बॅच फाइलच्या आत तसंच लागतं. तीच ओळ काळ्या विंडोत थेट टाइप केली तर एकदाच. एका ठिकाणची ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की चुकते ती यामुळे. आणि ‘जी’ हेच अक्षर घेतलंय ते मुद्दाम. ए, डी, एफ, एन, पी, एक्स ही अक्षरं सीएमडीत फाइलचं नाव, पाथ (फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता), एक्स्टेन्शन असे तुकडे काढायला वापरली जातात. व्हेरिएबललाही (इथे ‘जी’, ज्यात दर फेरीला एका फाइलचं नाव येतं) त्यातलंच अक्षर दिलं की पुढे स्क्रिप्ट वाढवताना घोळ होतो.

‘टिल्ड-डीपी-शून्य’ म्हणजे बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पूर्ण पाथ, शेवटच्या उलट्या तिरक्या रेघेसकट. बऱ्याच ठिकाणी हा भाग गाळून नुसतं स्टार-डॉट-पीडीएफ लिहिलेलं असतं. साध्या डबल क्लिकला ते चालतंही. पण राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं की चालू फोल्डर सिस्टम-३२ होतो आणि स्क्रिप्ट तिथे पीडीएफ शोधत बसतं. सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमधून चालवलं की आणखी वेगळं. सीएमडीला नेटवर्क पाथ चालू फोल्डर म्हणून चालत नाही, त्यामुळे ते विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. तिथे पीडीएफ नसते, आणि काही सापडलं नाही तर फॉर कसलाही निरोप न देता संपतं. काळी विंडो लखकन येते आणि जाते. शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपांपासून मोठ्या ऑफिसांपर्यंत ड्रॉइंग एकाच मशीनवर ठेवून बाकीच्यांवरून उघडायची पद्धत सगळीकडे आहे. तिथे ‘कालपर्यंत चालत होतं, सर्व्हरवर टाकल्यापासून बंद’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. वरच्या पद्धतीत नेटवर्क पाथबद्दलची सूचना काळ्या विंडोत दिसेल, पण फाइल उघडतील.

यावर पुशडी ही चालू फोल्डर बदलणारी कमांड वापरण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. तो मला पटत नाही. नेटवर्क पाथ दिला की पुशडी त्याला झेडपासून उलट्या क्रमाने एक तात्पुरतं ड्राइव्ह अक्षर देतं, आणि पॉपडी ते काढून घेतं. फाइल पूर्ण उघडायच्या आत पॉपडी आलं तर प्रोग्रामच्या हातून फाइल निसटते. पॉपडी लिहिलंच नाही तर झेड, वाय, एक्स अशी ड्राइव्ह साठत जातात. पूर्ण पाथ दिला की ही भानगडच उरत नाही.

सर्वात घातक चूक मात्र वेगळीच आहे. एक्स्टेन्शन न देता स्टार-डॉट-स्टार लिहिणं. ‘सगळ्या फाइल’ म्हटल्यावर हात आपोआप तिकडे जातो. पण त्या फोल्डरमध्ये ती बॅच फाइल स्वतःही असते. ती स्वतःला उघडते, उघडलेली प्रत पुन्हा सगळं उघडते, त्यात पुन्हा ती स्वतः येते. थोड्याच वेळात माउसही हलेनासा होतो आणि पॉवरचं बटण दाबण्याशिवाय मार्ग राहत नाही. न सेव्ह केलेलं सगळं काम जातं. खरोखरच सगळ्या प्रकारच्या फाइल हव्या असतील तर डूच्या पुढच्या कंसात पहिल्याच ओळीला अट घाला:

इफ /आय नॉट "%%~एनएक्सजी"=="%~एनएक्स०" स्टार्ट "" "%%~जी"

म्हणजे नाव माझं स्वतःचं नसेल तरच उघड. तरीही ‘डाउनलोड्स’सारख्या फोल्डरवर हे कधीच चालवू नका. स्टार्ट म्हणजे डबल क्लिकच. पीडीएफ उघडते त्याच सहजतेने ईएक्सई, व्हीबीएस, जेएस आणि शॉर्टकटही चालतात. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर तर अजिबात नको. एक्स्टेन्शन लिहिणं ही या स्क्रिप्टची खरी सुरक्षा आहे. दोन-तीन प्रकार हवे असतील तर कंसात मोकळी जागा सोडून दोन-तीन पॅटर्न देता येतात, त्यासाठी सगळं खुलं करायची गरज नाही.

तीन अक्षरी एक्स्टेन्शनची एक खोड हिशेबाच्या ऑफिसात हमखास भेटते. स्टार-डॉट-एक्सएलएस लिहिलं तरी एक्सएलएसएक्स फाइलही उघडतात. कारण विंडोज जुन्या आठ-अधिक-तीन (नाव आठ अक्षरं, एक्स्टेन्शन तीन) पद्धतीचं छोटं नावही जपून ठेवतं आणि पॅटर्न त्याच्याशीही जुळवतं. त्या ड्राइव्हवर छोटी नावं बंद केलेली असतील तर हे होत नाही. म्हणूनच एका मशीनवर वेगळं आणि दुसऱ्यावर वेगळं दिसतं. फक्त जुन्याच फाइल हव्या असतील तर एक्स्टेन्शन इफने वेगळं तपासावं लागतं. डॉक आणि डॉकएक्सचंही तसंच.

मराठी नावांच्या बाबतीत बॅच फाइलला उगाच बदनाम केलं जातं. फाइलचं नाव ‘सत्कार समारंभ पत्रिका’ असं देवनागरीत असलं तरी वरचं स्क्रिप्ट ती बरोबर उघडतं. काळ्या विंडोत चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात ती फक्त दिसण्यापुरती, कारण तिच्या फॉन्टला देवनागरी नीट जमत नाही. नाव आतून युनिकोडमध्येच जातं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, देवनागरी पाथ बॅच फाइलच्या आत टाइप केला तर. तेव्हा फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारी अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये सेव्ह करायची आणि वर एको ऑफच्या खाली ‘सीएचसीपी ६५००१’ ही ओळ टाकायची. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड मुळातच बीओएमशिवाय (बीओएम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं, ते इथे उपयोगाचं आहे. बीओएमसकट सेव्ह झाली तर पहिल्याच ओळीला विचित्र चिन्हं लागून ‘नॉट रेकग्नाइज्ड’ असा एरर येतो. एएनएसआय या जुन्या पद्धतीत सेव्ह केली तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात आणि ती परत येत नाहीत. दुसरं ठिकाण म्हणजे फॉर-एफमध्ये (दुसऱ्या कमांडचा निकाल ओळीओळीने वाचणारं फॉर) फाइलची यादी देणाऱ्या डीआयआर कमांडचा निकाल घेतला तर. तिथे नावं कोडपेजमधून (काळ्या विंडोचा अक्षरसंच) गाळून येतात, म्हणून तिथेही ६५००१ लागतं.

फॉर-एफची गरज पडते ती क्रमासाठी. एनटीएफएस ड्राइव्हवर (विंडोजच्या हार्डडिस्कचा नेहमीचा प्रकार) साधं फॉर नावाच्या क्रमाने फाइल देतं. पेनड्राइव्ह एफएटी-३२ किंवा एक्सएफएटी असेल तर फाइल ज्या क्रमाने नोंदल्या गेल्या त्या क्रमाने येतात. तारखेप्रमाणे हव्या असतील तर डीआयआरला ‘/बी /ओडी’ देऊन फॉर-एफ करायचं. नावाचा क्रम असला तरी १ नंतर १० येतो, २ नाही. त्यावर स्क्रिप्टमध्ये झुंजत बसण्यापेक्षा फाइलना ००१, ००२ अशी नावं देणं शहाणपणाचं. एवढं करूनही स्टार्ट पुढच्या फाइलसाठी थांबत नाही, त्यामुळे जड फाइल मागे राहून हलकी पुढे येऊ शकते. प्रूफं क्रमानेच बघायची असतील तर टाइमआउट वाढवा.

टाइमआउटच्या त्या ओळीला लोक कमी लेखतात. पीडीएफसाठी दोन सेकंद पुरतात. कोरलड्रॉ किंवा ऑटोकॅडसाठी नाही. प्रोग्राम सुरू होतोय तोवर दुसरी, तिसरी फाइल जाऊन पडली तर काही वेळा त्याच प्रोग्रामच्या दोन-तीन प्रती सुरू होतात आणि मेमरी तिथेच संपते. अशा फाइलसाठी प्रोग्राम आधी हाताने सुरू करून पूर्ण उघडू द्यावा, मग स्क्रिप्ट चालवावं. अंतर पाच ते दहा सेकंद ठेवा. आठ जीबी रॅमच्या मशीनवर फ्लेक्सच्या मोठ्या कोरल फाइल चाळीस-पन्नास एकदम उघडायचा आग्रह धरू नका. दहा-दहाच्या गटाने थांबणं बरं. त्यासाठी फॉरच्या आधी ‘सेट एन=०’ आणि कंसात स्टार्टनंतर या दोन ओळी:

सेट /ए एन+=१
सेट /ए "१/(एन%%१०)" २>नल || पॉज

एनला दहाने भागून उरलेली बाकी शून्य आली की शून्याने भागाकार होतो, कमांड नापास होते आणि पॉज चालतं. पहिल्यांदा विचित्र वाटेल. पण हेच काम डिलेड एक्स्पान्शन (व्हेरिएबलची किंमत ऐनवेळी वाचायची सोय) लावून केलं तर नावातलं उद्गारचिन्ह गळून जातं आणि नेमकी तीच फाइल उघडत नाही. कॉल करून वेगळ्या लेबलवर पाठवलं तर नावातलं टक्क्याचं चिन्ह जातं, आणि ‘५०% सेल’ नावाच्या जाहिरातीच्या फाइल आपल्याकडे काही कमी नसतात. ही दोन ओळींची युक्ती दोन्हीतून सुटते.

पोटफोल्डरसकट हवं असेल तर फॉर-आर आहे:

फॉर /आर "%~डीपी०." %%जी इन (*.एक्सएलएसएक्स) डू स्टार्ट "" "%%~जी"

शून्यानंतरचा टिंब विसरू नका. तो नसला तर पाथच्या शेवटची तिरकी रेघ अवतरणचिन्हाला जाऊन चिकटते, आणि तसा पाथ काही कमांडना चालत नाही. एक्सेलच्या बाबतीत मात्र फॉर-आर जपून. एकाच नावाची दोन वर्कबुक एक्सेल एकाच वेळी उघडत नाही, वेगवेगळ्या फोल्डरमधली असली तरी. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये ‘ताळेबंद’ याच नावाची फाइल ठेवायची सवय असेल, तर पहिली उघडेल आणि पुढच्या प्रत्येकीला इशाऱ्याची चौकट येईल. यावर स्क्रिप्टमध्ये उपाय नाही. फाइलच्या नावात गिऱ्हाइकाचं नाव घाला.

प्रत्येक फोल्डरमध्ये बॅच फाइलची प्रत टाकण्यापेक्षा ती एकदाच डेस्कटॉपवर ठेवून हवं ते फोल्डर तिच्यावर ओढून टाकणं सोयीचं. त्यासाठी कंसातला पाथ "%~१\*.पीडीएफ" असा करायचा. यातही एक पेच आहे. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नसेल आणि ‘अँड’चं चिन्ह असेल, समजा दोन भागीदारांची नावं त्या चिन्हाने जोडलेली असतील, तर एक्सप्लोरर पाथला अवतरणचिन्हं लावत नाही आणि सीएमडी त्या चिन्हावर पाथ तोडतं. नावात मोकळी जागा सोडली की सुटलं. फोल्डरऐवजी निवडलेल्या फाइलच ओढून टाकायचा मोह होतो, पण कमांडची एकूण लांबी ८१९१ अक्षरांपुरती असते. लांब पाथच्या फाइल असतील तर ती भराभर संपते.

दुसऱ्या मशीनवर नेताना ही फाइल मेलने पाठवू नका. जीमेल बॅट जोडणी अडवतं, झिपमध्ये घातली तरी. डाउनलोड करून आणलेली असेल तर विंडोज निळी चौकट दाखवून अडवेल. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करण्याआधी नोटपॅडमध्ये उघडून आत काय लिहिलंय ते वाचा. ओळखीच्या माणसाने पाठवली असली तरी वाचाच. चार ओळींची फाइल वाचायला वेळ लागत नाही.

पॉवरशेलशी, म्हणजे विंडोजच्याच नव्या कमांड प्रोग्रामशी, तुलना होणारच. ‘इन्व्होक-आयटम *.पीडीएफ’ एवढ्या एका ओळीत तिथे काम होतं, आणि तारीख, आकार, क्रम यांची चाळणी तिथे फार स्वच्छ लागते. पण पीएस१ फाइलवर डबल क्लिक केलं की ती चालत नाही, उघडते. शिवाय घरगुती आणि ऑफिसच्या विंडोजवर स्क्रिप्ट चालवायला मुळातच बंदी असते. नावात चौकोनी कंस असला तर पॉवरशेल त्याला पॅटर्न समजतं. बॅचला त्याचं काही वाटत नाही. आणि गंमत म्हणजे विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ पॉवरशेलला देवनागरी असलेली फाइल बीओएमसकट लागते, म्हणजे बॅचच्या बरोबर उलट. काउंटरवरच्या माणसाच्या हातात द्यायला म्हणून बॅचच बरी. व्हीबीस्क्रिप्ट या विंडोजच्या जुन्या स्क्रिप्ट भाषेच्या वाटेला नव्याने जाऊ नका. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच ते निवृत्तीच्या यादीत टाकलंय.

राहिलं प्रिंटिंग. स्टार्टला ‘प्रिंट कर’ असं सांगता येत नाही, ते फक्त उघडतं. पॉवरशेलच्या स्टार्ट-प्रोसेसला ‘-व्हर्ब प्रिंट’ देता येतं, पण पीडीएफसाठी ब्राउझर डिफॉल्ट असेल तर तेही एरर देतं. या कामाला सुमात्रापीडीएफ हा फुकटचा, हलका रीडर चांगला. तो मशीनवर असेल तर कंसात स्टार्टच्या जागी स्टार्ट /वेट "", मग सुमात्राचा पूर्ण पाथ अवतरणात, मग -प्रिंट-टू-डिफॉल्ट, आणि शेवटी "%%~जी". इथे /वेट खरोखर थांबतं, कारण सुमात्रा प्रिंट पाठवून बंद होतो, त्यामुळे कागदही क्रमानेच येतात. ॲक्रोबॅट किंवा एक्सेल आधीपासून उघडं असेल तर हाच /वेट कुचकामी ठरतो, कारण नवी प्रत फाइल जुन्या प्रतीकडे सोपवून लगेच मिटते. सगळं डिफॉल्ट प्रिंटरवर आणि त्याच्याच सेटिंगप्रमाणे जातं. तेव्हा चालवण्याआधी ट्रेमधला कागद ए-४ आहे की ए-३ ते बघा, आणि एकच फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून एक पान काढून घ्या.